गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढताना रिव्हर्स कर्र करतो. दोन-तीनदा क्लच मारला की पडतो, म्हणून आपण सोडून देतो. मग एक दिवस पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला पहिला गिअरही जात नाही आणि मागे हॉर्नची रांग लागते. गॅरेजमध्ये कोणी केबल आवळून देतं, कोणी क्लचच्या डबीत तेल भरून देतं. गाडी पंधरा दिवस बरी चालते आणि दुखणं परत येतं.

परत येणारं दुखणं म्हणजे मूळ अजून सापडलेलं नाही. आणि हे मूळ बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेरच असतं: एकतर क्लच पूर्ण कट होत नाही (पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत), नाहीतर गिअरच्या दांड्याची हालचाल बॉक्सपर्यंत नीट पोचत नाही. गिअरबॉक्स खाली उतरवणं हे दिवसभराचं आणि महागाचं काम आहे. त्याआधीच्या तपासण्यांना दहा मिनिटं लागतात आणि त्यातल्या बऱ्याच तुम्हाला स्वतःला करता येतात. मॅन्युअल गाडीपासून सुरुवात करू. ऑटोमॅटिक आणि एएमटीचं (आत मॅन्युअल बॉक्सच, पण क्लच आणि गिअर गाडी स्वतः टाकते) शेवटी.

इंजिन बंद ठेवून पहिली परीक्षा

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. क्लच पूर्ण दाबून पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि रिव्हर्स असे सगळे गिअर एकेक करून टाका. उभ्या गाडीत एखादा गिअर दाताला दात भिडल्यामुळेही अडू शकतो. तसं झालं तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी वीतभर ढकलून परत बघा. रिव्हर्ससाठी कॉलर उचलायची की दांडा खाली दाबायचा हे गाडीगणिक वेगळं असतं. घरात दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर इथे हमखास गोंधळ होतो.

आता इंजिन चालू करून तेच करा. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडले आणि चालू केल्यावर अडले, तर दोष क्लचचा. बंद असतानाही अडले, तर दांडा, गिअर केबल किंवा बॉक्स. सगळे नीट आणि एकच गिअर, बहुधा दुसरा, कर्र करतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रिंग) झिजलेली असण्याची शक्यता मोठी. ही एक परीक्षा नीट केली की निम्मा तपास झाला. मेकॅनिकला फोनवर "गिअर पडत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा हा निकाल सांगा. त्याला सोबत काय आणायचं ते कळतं.

क्लच कट होतोय का?

इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच तळापर्यंत दाबा आणि मनात दहा आकडे मोजा. मग रिव्हर्स हळूच टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच दाबल्या दाबल्या टाकला तर चांगल्या गाडीतही आवाज येतो, कारण बॉक्सच्या आतला शाफ्ट अजून फिरत असतो. दहा सेकंदांनंतरही कर्र झालं तर शाफ्टला इंजिनकडून अजून ओढ मिळते आहे. क्लच कट होत नाही.

खात्रीसाठी आणखी एक. समोर मोकळी जागा बघा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारा. गाडी पुढे हिसका देते? मग शंका उरली नाही.

दोष क्लचचा ठरला की आधी पायाखाली बघा. खरंच. मूळ मॅटवर रबरी मॅट, तिच्यावर पावसाळ्यातली जाळीची मॅट अशी चळत अनेक गाड्यांत असते. पेडल दोन-अडीच सेंटिमीटर कमी दाबलं गेलं तरी क्लच अर्धवटच सुटतो. सगळ्या मॅट काढून पुन्हा बघा. पेडलच्या वरच्या टोकाचा बुश झिजला असेल तर पेडल आडवं डुगडुगतं आणि तिथेही थोडा प्रवास वाया जातो.

केबलचा क्लच

मारुती 800, जुनी अल्टो, वॅगनआर अशा छोट्या पेट्रोल गाड्यांत क्लच केबलवर चालतो. पेडल बोटाने हलके दाबा आणि पट्टीने मोजा: जोर लागायला सुरुवात होण्याआधी किती ढिलाई आहे? साधारण 10 ते 30 मिमीच्या दरम्यान असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ढिलाई जास्त असेल तर क्लच कट होणार नाही. अजिबात नसेल तर उलट दुखणं, क्लच घसरतो आणि प्लेट जळते. म्हणून "आवळून द्या" असं सरसकट सांगू नका. गिअरबॉक्सच्या टोकाला असलेला नट फिरवून मोजमापात आणायचं असतं आणि लॉकनट असेल तर तो कसायचा असतो.

आता परत परत येणाऱ्या दुखण्याचं मर्म. केबल ही बारीक तारांचा पीळ असते आणि ती एकदम तुटत नाही, एकेक तार तुटत जाते. उरलेल्या तारा ताणल्या जातात, ढिलाई वाढते, कोणीतरी आवळून देतं, पुढची तार तुटते. महिन्यात दुसऱ्यांदा आवळायची वेळ आली तर केबल बदलूनच टाका. पेडल जड होत चाललं असेल, दाबताना करकर हाताला, पायाला जाणवत असेल, तर ती घाटात तुटण्याची वाट बघू नका. नवीन केबल बसवताना तिचं आउटर (बाहेरचं आवरण) जिथे टेकतं तिथलं रबर आणि क्लिप दोन्ही बघून घ्या. ते फाटलं असेल तर नवी केबलही आठ दिवसांत ढिली वाटते.

तेलावरचा क्लच

बहुतेक डिझेल आणि अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत क्लच हायड्रॉलिक आहे. पेडल मास्टर सिलिंडर ढकलतं, पाइपमधलं तेल स्लेव्ह सिलिंडर ढकलतं आणि तो क्लच सोडवतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असला की पेडल स्पंजासारखं लागतं आणि प्रवास हवा दाबण्यातच जातो.

पेडल भराभर चार-पाचदा मारल्यावर गिअर पडतो का ते बघा. पडत असेल तर दोष तेलाच्या लाइनमध्ये. मग सपाट, मोकळ्या जागेवर पहिला गिअर टाकून, दुसरा पाय ब्रेकजवळ तयार ठेवून, क्लच मिनिटभर दाबून धरा. पेडल तसंच आणि गाडी मात्र आपोआप पुढे सरकू लागली, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय. बाहेर एक थेंबही दिसणार नाही, डबीतली पातळीही कमी होणार नाही. हा दोष सर्वात जास्त फसवतो, कारण डबी भरलेली बघून क्लच ठीक आहे असं ठरवून थेट गिअरबॉक्सकडे बोट दाखवलं जातं.

पातळी कमी होत असेल तर तेल कुठेतरी जातंय. तीन जागा बघा. पहिली, ड्रायव्हरच्या पायाशी: पेडलच्या वर मास्टर सिलिंडरचा रॉड आत जातो तिथे बोट फिरवा, ओलं आहे का, खाली कार्पेट चिकट आहे का. दुसरी, गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह: त्याचं रबरी बूट बाजूला करा, आतून तेल आलं तर सील गेलं. तिसरी, काही गाड्यांत स्लेव्ह बॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगलाच जोडलेला असतो. तो गळायला लागला तर इंजिन आणि बॉक्सच्या जोडावर, बेल हाउसिंगच्या तळाशी, काळपट ओलावा दिसतो. त्याला मात्र बॉक्स उतरवावाच लागतो, आणि एकदा उतरवला की क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट किती उरली आहे ते बघूनच वर चढवा. तीच मजुरी सहा महिन्यांत दुसऱ्यांदा देण्यात अर्थ नाही.

अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचला डबी एकच असते, आणि क्लचची नळी मुद्दाम वरच्या बाजूने काढलेली असते. तेल कमी झालं की आधी क्लच जातो, ब्रेकचा साठा खाली शिल्लक राहतो. त्यामुळे अशा गाडीत क्लच अचानक तळाला गेला तर ती ब्रेकचीही पूर्वसूचना आहे. पातळी बघितल्याशिवाय आणि ब्रेक तपासल्याशिवाय कात्रज किंवा खंबाटकी घाट उतरू नका.

तेल कोणतं? झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं, तेच ब्रेकचं तेल. पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल चुकून थोडंसं जरी पडलं तरी रबरी सील फुगतात आणि सगळी लाइन बदलायची वेळ येते. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावरची त्याची किमान मर्यादा 155 आहे. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140. म्हणून मागच्या पावसाळ्यात फोडलेली अर्धी बाटली वापरू नका, आणि तेल दोन वर्षांत एकदा बदलून घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

हवा काढायला दोन माणसं, नव्या तेलाची अर्ध्या लिटरची बाटली आणि पारदर्शक नळी लागते. नळीचं एक टोक स्लेव्हच्या निप्पलवर (हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू), दुसरं बाटलीत थोडं तेल घेऊन त्यात बुडवून. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल अर्धा आटा सैल करायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा, आणि मगच पेडल वर. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. निप्पल उघडल्यावर पेडल तळाशीच राहिलं तर निप्पल बंद करून पायाने उचलून घ्या. असं दहा-पंधरा वेळा, आणि दर चार-पाच वेळांनी डबीत भर. निप्पल कसताना मनगटाचाच जोर. तो बारीक असतो, मोडला की स्लेव्हच बदला.

पंचवीस वेळा करूनही बुडबुडे येतच असतील तर कुठलंतरी सील हवा ओढतंय. आणि हवा काढून आठवड्याभरात पेडल पुन्हा मऊ पडलं, तर तिसऱ्यांदा हवा काढत बसू नका. बंद लाइनमध्ये हवा आपोआप तयार होत नाही.

पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी

जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी चालू होते, पेडलही ठणठणीत लागतं, पण एकही गिअर पडत नाही. इंजिन बंद केलं की सगळे पडतात. दमट हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाचं जड चाक) गंजाने चिकटलेली असते. आधी इंजिन न्यूट्रलमध्ये पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा. गाडी रिकाम्या मैदानात असेल तरच पुढचं: दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, स्टार्टर. गाडी लगेच चालायला लागेल हे धरूनच बसा. क्लच दाबूनच ठेवायचा आणि ॲक्सिलरेटर थोडा देऊन, सोडून, मध्येच ब्रेक लावून झटके द्यायचे. प्लेट बहुधा सुटते. पार्किंगमध्ये, भिंतीसमोर, गाड्यांच्या रांगेत हे करू नका. चार-पाच प्रयत्नांत सुटली नाही तर थांबा.

दांडा आणि गिअर केबल

इंजिन बंद असतानाही गिअर अडतो त्यांच्यासाठी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत दांड्यापासून बॉक्सपर्यंत दोन केबल जातात: एक डावी-उजवी हालचाल नेते, दुसरी पुढे-मागे. बॉनेट उघडा, एअर फिल्टरचा डबा बाजूला करा, एकाला दांडा हलवायला सांगा आणि बॉक्सवरचे दोन आर्म हलतात का ते बघा. दांडा लुळा पडला असेल आणि आर्म जागचे हलत नसतील, तर केबलच्या टोकाचा नायलॉनचा बुश फुटलाय किंवा टोक निसटलंय. घरी पोचण्यापुरतं ते प्लॅस्टिकच्या टायने बांधता येतं. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर कुरतडलेल्या क्लिपा आणि रबरंही इथेच दिसतील.

तिसरा-चौथा पडतो पण पहिला-दुसरा किंवा पाचवा-रिव्हर्स सापडत नाही, तर डावी-उजवीची केबल सरकली आहे. ॲडजस्टमेंटने काम होतं. दांडा जड असेल तर केबलचं टोक आर्मवरून काढा आणि आर्म हाताने हलवा. टक-टक करत सहज हलला तर केबल आत गंजली आहे, बॉक्स निर्दोष. आर्मच जड असेल तर दोष बॉक्समध्ये. बॉक्स उतरवायला होकार देण्याआधी ही परीक्षा तुमच्यासमोर करून घ्या.

इंजिनचं माउंटिंग तुटलं असेल तर जोर दिल्यावर सगळं इंजिन हलतं आणि गिअर ऐन चढावर अडतो किंवा सुटतो. उभ्या गाडीत मात्र सगळं ठीक दिसतं.

बॉक्सच्या आतलं

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास येतो तेव्हा पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड जाणं हे थंड, दाट तेलाचं लक्षण आहे. गरम झाल्यावर सुटत असेल तर काळजी नको, फक्त तेलाचा ग्रेड तपासा. 75डब्ल्यू-80 सांगितलेल्या बॉक्समध्ये 80डब्ल्यू-90 भरलं असेल तर हे होणारच. जीएल-4 दर्जाचं तेल सांगितलं असताना जीएल-5 "भारी आहे" म्हणून भरू नका. त्यातले जास्तीचे रासायनिक घटक पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण दोन-अडीच लिटर तेल मावतं. बदलताना आधी वरचं भरायचं बूच उघडा, मग खालचं. वरचं गंजून बसलेलं असेल आणि तेल आधीच सांडून टाकलं, तर गाडी तिथेच अडकते. पातळी भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत हवी, गाडी सपाट उभी असताना.

खालच्या बुचाच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असणं नेहमीचं आहे. तेलात पिवळसर चकाकी दिसली तर सिंक्रो रिंग झिजते आहे. पोलादाचे टोकदार तुकडे निघाले तर दात तुटले आहेत. गाडी आणखी चालवू नका.

सिंक्रो गेलेल्या गाडीवर काम होईपर्यंत दुहेरी क्लच मारा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, खालचा गिअर घ्यायचा असेल तर थोडा ॲक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. जबरदस्तीने ढकललेला दांडा रिंगेबरोबर शिफ्ट फोर्कही (बॉक्सच्या आत गिअर सरकवणारा काटा) खराब करतो.

नवा क्लच बसवला आणि गिअरच पडेना

हे अनेकदा घडतं आणि बिचाऱ्या नव्या मालाला शिव्या बसतात. प्लेट उलटी बसली असेल तर क्लच कट होत नाही. एका बाजूला फ्लायव्हीलकडची खूण असते. चढवताना बॉक्सचं वजन प्लेटवर टांगलं गेलं तर ती वाकते. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) गंज राहिला तर प्लेट सरकत नाही. लाइन उघडली होती पण हवा नीट काढली नाही, हेही असतंच. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून माल स्वतः आणणार असाल तर जुनी प्लेट सोबत न्या, व्यास आणि मधले दाते जुळवून बघा, आणि प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकाच संचातलं घ्या.

ऑटोमॅटिक आणि एएमटी

दांडा पीमधून (पार्किंगची जागा) निघत नाही? ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का ते भिंतीवर उजेड पाडून बघा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला आहे, आणि ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतच नाही. अनेक गाड्यांत दांड्याशेजारी छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, आतली कळ स्क्रूड्रायव्हरने दाबली की दांडा सुटतो. सिंहगडाच्या वाटेवर उतारावर लावलेली गाडी पीमध्येच अडकली तर सगळं वजन आतल्या खुंटीवर आलेलं असतं. लावताना क्रम असा ठेवा: ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, मग ब्रेक सैल सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, ब्रेक पुन्हा दाबा आणि शेवटी पी.

एएमटीत डॅशबोर्डवर एन (न्यूट्रल) लुकलुकत राहतो आणि गिअर लागत नाही, तर ब्रेकच्या दिव्यांनंतर बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या खाली गेली की गिअर टाकणारा पंप आणि सेन्सर रुसतात. त्या पंपाच्या डबीतलं तेल वेगळं असतं, ब्रेकचं ओतू नका. आत क्लच प्लेट मात्र साधीच असते आणि नवले पुलाच्या चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली तर तीही जळते. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचची जागा नव्याने शिकवावी लागते. ते राहिलं तर नवी प्लेटही हिसके देते.

रस्त्यात अडकलात तर

आधी हझार्ड दिवे आणि हँडब्रेक. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण गेला असेल तर इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, समोर कोणी नाही ना बघा, हँडब्रेक सोडा आणि स्टार्टर मारा. गाडी स्टार्टरवरच सरकत चालू होईल. कडेला घेण्यापुरतंच हे करा. क्लच पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणाऱ्या गाडीत पेडल दाबून हेच चालतं. टोइंग मागवताना गाडी ऑटोमॅटिक आहे हे फोनवरच सांगा आणि सपाट ट्रकच मागा. इंजिन बंद असताना ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते ती जमिनीवर फिरली तर बॉक्सला तेल मिळत नाही.